विश्लेषण : गायक कोरियाचे, मैत्रिणी लातूर-नांदेडच्या... चाहत्यांच्या ऑनलाइन गटांतली मैत्री खरंच टिकते का?

उमरगा तालुक्यातील तीन शाळकरी मुलींनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्याच अपहरणाचा बनाव रचला. ‘बीटीएस’ या दक्षिण कोरियन गायकांना भेटायला जाण्यासाठी! बातमी देशभर गाजली आणि मराठवाड्यातील पालकांसमोर एक प्रश्न ठेवून गेली : आपली मुलगी मोबाइलवर कुणाच्या नादी लागली आहे? आता लष्करी सेवा आटोपून बीटीएसचे सातही सदस्य पुन्हा एकत्र आले आहेत आणि चाहत्यांचे गटही नव्याने जागे झाले आहेत. या गटांत नेमके काय चालते, त्यातून जुळलेली मैत्री टिकते का आणि तिला घाबरायचे की समजून घ्यायचे, याचा आढावा.

उमरग्यात काय घडले होते?

२७ डिसेंबर २०२४ रोजी धाराशिव पोलिसांना मदत क्रमांकावर फोन आला. तीन मुलींना गाडीतून जबरदस्तीने नेले जात असल्याचे त्यात सांगण्यात आले. पोलिसांनी क्रमांकाचा माग काढला, तेव्हा तो एसटीने पुण्याच्या दिशेने निघालेल्या एका महिला प्रवाशाचा निघाला. मोहोळ येथे मुलींना बसमधून सुखरूप उतरवून घेण्यात आले. ११ ते १३ वर्षे वयाच्या या मुलींनी चौकशीत सांगितलेली योजना अशी : पुण्याला जायचे, काम करून पैसे साठवायचे आणि कोरिया गाठायचे. उमरगा तालुका लातूर जिल्ह्याला लागूनच आहे. त्यामुळे ‘हे मुंबई-पुण्याकडचे खूळ’ म्हणून विषय सोडून देता येत नाही.

बीटीएस आणि ‘आर्मी’ म्हणजे काय?

बीटीएस हा सात गायकांचा गट १३ जून २०१३ रोजी पदार्पणाला आला. त्याच्या चाहत्यांना ‘आर्मी’ म्हणतात. दक्षिण कोरियात पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची असल्याने डिसेंबर २०२२ पासून एकेक सदस्य सेवेत दाखल झाला. शेवटचा सदस्य जून २०२५ मध्ये मोकळा झाला आणि १ जुलै रोजी गटाने २०२६ मध्ये नवा अल्बम व जागतिक दौरा करणार असल्याचे जाहीर केले.

या चाहत्यांची ताकद जगाने जून २०२० मध्ये पाहिली. गटाने व त्यांच्या कंपनीने अमेरिकेतील वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिल्याचे कळताच चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. भारतातील चाहत्यांनीही २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मदतनिधी गोळा केला. एकमेकींना कधीही न भेटलेल्या माणसांनी पैशाच्या बाबतीत एवढा विश्वास ठेवला, ही यातली लक्षात घेण्याजोगी बाब.

गटात दिवसभर चालते तरी काय?

बाहेरून पाहणाऱ्याला फक्त फोटो आणि गाणी दिसतात. आत मात्र कामांची वाटणी असते. कुणी कोरियन मजकुराचा अर्थ सांगते, कुणी नव्या गाण्यांच्या तारखांचे वेळापत्रक ठेवते, कुणी चित्रफिती जोडून देते. सोलची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. तिकडे मध्यरात्री बारा वाजता काही प्रसिद्ध झाले, की इकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे मेसचे जेवण आटोपून अभ्यासाला बसण्याची वेळ!

दुसरे काम म्हणजे ‘ग्रुप ऑर्डर’. कोरियातून एकच अल्बम मागवला तर टपाल आणि सीमाशुल्क परवडत नाही. म्हणून दहा-बाराजणी मिळून मागवतात. एकीच्या पत्त्यावर पार्सल येते, ती ते फोडते, अल्बममधली फोटोकार्डे ज्याची त्याला पाठवते. खर्च वाटून घेतला जातो. भिशी चालवणाऱ्या बायकांना यातला विश्वासाचा भाग वेगळा सांगावा लागणार नाही.

कलाकाराचे वेड आणि चाहत्यांची मैत्री, यात फरक काय?

हाच या विषयाचा गाभा आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरील कलाकारांशी प्रेक्षकाचे जे नाते जुळते, त्याचे वर्णन केले. प्रेक्षकाला वाटते की आपण या माणसाला ओळखतो; पण त्या माणसाला प्रेक्षक ठाऊकच नसतो. म्हणजे नाते एकतर्फी. त्यात आपण आजारी पडलो तर समोरून कुणी विचारत नाही.

दोन चाहत्यांमधले नाते मात्र दुतर्फी असते. तिथे प्रश्नाला उत्तर येते, भांडण होते, समजूतही निघते. सुरुवातीला बोलण्याचा विषय कलाकार असतो. काही महिन्यांनी तो सराव परीक्षेचे गुण, घरचे वातावरण, पाळीचा त्रास, बहिणीचे लग्न असा सरकत जातो. कलाकार हे निमित्त उरते.

हे अगदी नवेही नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’च्या काळात श्रोते फर्माइशीची पत्रे लिहीत, झुमरी तिलैया हे गाव त्यावरूनच प्रसिद्ध झाले. श्रोत्यांची मंडळे तेव्हाही होती. पत्राला उत्तर यायला आठवडे लागत, आता सेकंद लागतात.

मैत्री व्हायला किती वेळ लागतो?

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा अंदाज बांधला होता. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, पक्क्या मैत्रीला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. केवळ एकत्र काम केल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, मोकळा वेळ यांनी मैत्री मुरते.

आता हिशेब करू. रोज अर्धा तास बोलणे झाले तर २०० तास भरायला ४०० दिवस लागतात. म्हणजे अकरावीच्या सुरुवातीला झालेली ओळख बारावीच्या मध्यापर्यंत तिथे पोहोचू शकते. अर्थात हॉल यांचा भर प्रत्यक्ष सहवासावर होता. चॅटिंगचा एक तास आणि शेजारी बसून घालवलेला एक तास सारखा धरता येणार नाही. तरीही ‘मोबाइलवरची मैत्री म्हणजे दोन दिवसांचा खेळ’ हे विधान या हिशेबात बसत नाही.

लातूर-नांदेडच्या संदर्भात हे महत्त्वाचे का?

दहावीनंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून हजारो मुले-मुली ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या तयारीसाठी लातूर आणि नांदेडला येतात. शाळेतले सवंगडी गावी राहतात. खोलीतली सोबतीण ही मैत्रीण असते आणि गुणांच्या शर्यतीतली स्पर्धकही. दोन वर्षांनी हाही घोळका फुटतो. कुणी पुणे, कुणी छत्रपती संभाजीनगर, कुणी हैदराबादला जाते. १५ ते १८ या वयात दोनदा मैत्रीची घडी मोडते. ऑनलाइन गट मात्र खिशात राहतो आणि गावासोबत बदलत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मुलांना चहाची टपरी आहे, कट्टा आहे, मैदान आहे. वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी बंद झाले, की मुलींना यातले काहीच नाही. ‘रिकामटेकड्या गप्पा’ मारण्याची त्यांची जागा बहुतेकदा मोबाइलच्या पडद्यावरच असते. ती बंद करताना दुसरी कोणती जागा आपण देतो आहोत, हा प्रश्न घराला आणि वसतिगृहालाही विचारावा लागेल.

काही मैत्र्या टिकतात, काही विरतात. असे का?

पहिले कारण : संपर्क एकाच ॲपवर अवलंबून होता का? जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ज्यांच्याकडे एकमेकांचा दुसरा कुठलाच संपर्क नव्हता, त्यांच्या ओळखी तिथेच थांबल्या. कोरियन कलाकारांचे थेट प्रक्षेपण दाखवणारे ‘व्ही लाइव्ह’ही ३१ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाले. ॲप बुडते तेव्हा मैत्री दुसऱ्या नावेत बसलेली असावी लागते.

दुसरे कारण : कलाकाराशिवाय बोलायला काही आहे का? लष्करी सेवेचा काळ ही याची आपसूक झालेली परीक्षाच होती. सदस्यांची एकेकट्याची गाणी येत राहिली, पण सातजणांचा नवा अल्बम नव्हता. केवळ गाण्याला किती जणांनी पाहिले हे मोजण्यासाठी जमलेल्या गटाला अशा वेळी बोलायला काही उरत नाही. आवड संपल्यावरही ‘पेपर कसा गेला?’ असे विचारणारी असेल, तर ती मैत्रीण.

तिसरे कारण : आवाज, चेहरा आणि भेट. फोनवर बोलणे, मग व्हिडिओ कॉल, मग घरच्यांना सांगून सार्वजनिक ठिकाणी भेट, या पायऱ्या चढलेली मैत्री अधिक पक्की होते. अनोळखी माणसाचा खरेखोटेपणाही याच पायऱ्यांवर कळतो.

मग धोका नाहीच का?

आहे, आणि तो लहान नाही. चाहती म्हणून बोलणारी व्यक्ती प्रत्यक्षात कोण आहे, हे सुरुवातीला कळत नाही. ग्रुप ऑर्डरच्या नावाखाली पैसे घेऊन गायब होण्याचे प्रकार घडतात. मत द्या, पुन्हा पुन्हा गाणे ऐका, अमुक विकत घ्या, असा दबाव असतो. तसे न करणारी ‘खरी चाहती नाही’ असे ऐकवले जाते. दोन गटांच्या चाहत्यांतील शिवीगाळ वेगळीच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे. पण वय खोटे टाकून उघडलेल्या खात्यापुढे कायदा तोकडा पडतो. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० आणि मूल संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असायला हवेत.

पालकांनी नेमके काय विचारावे?

‘त्या कोरियन पोरांत एवढे काय आहे?’ या प्रश्नाने संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी गटात कोण कोण आहे, कुठले आहे, कुणाशी फोनवर बोलणे झाले आहे, कुणी पैसे किंवा फोटो मागितले का, हे विचारता येते. एखाद्या मैत्रिणीच्या आईशी बोलून घेता येते.

उमरग्याच्या घटनेकडे या नजरेने पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट ठळक दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये बीटीएसच्या सातपैकी पाच सदस्य सक्तीच्या सेवेत होते. भेटायला गट जागेवरच नव्हता. कोरियाला जायला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, अल्पवयीन मुलांच्या पासपोर्टला पालकांची संमती लागते. एखाद्या जाणत्या, विशी-पंचविशीतल्या चाहतीला ही योजना कळली असती, तर तिने यातले सगळे दोन मिनिटांत सांगितले असते आणि बहुधा घरीही कळवायला लावले असते. त्या मुलींजवळ वेड होते. ते कुठे थांबवायचे हे सांगणारी मोठी मैत्रीण सोबत नव्हती.

मोबाइल काढून घेतल्याने वेड जात नाही, ते लपते. आणि लपलेल्या वेडाला अशी मैत्रीण भेटण्याची शक्यता आणखी कमी होते. वार्षिक परीक्षा तोंडावर असताना मोबाइलचे तास ठरवून द्यायला हरकत नाही, ते द्यावेतच. पण ते ठरवताना त्या गटातल्या दोन-तीन मुलींची नावे आपल्याला ठाऊक आहेत का, एवढे पालकांनी आधी स्वतःला विचारावे.