राखणदाराचा वाटा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्यासाठी एक स्थळ आलं होतं. माधवनगरात आमच्याच घरी बैठक बसली. पोहे झाले, चहा झाला, रान किती, पाणी कुठलं, घर कुणाच्या नावावर, सगळं विचारून झालं. मग मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगं काय करतंय?"

"सिक्युरिटीत आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत."

मामांनी कप बशीत ठेवला. "म्हंजी वॉचमन. मग काम काय न्हाईच म्हणा की. नुसतं बसायचं."

स्थळ मोडलं. त्याचं काही नाही, एक मोडलं की दुसरं जुळतं. पण ते 'नुसतं बसायचं' माझ्या मनातून जाईना. भाच्याला या कामाला लावणारा मीच. आणि मी स्वतः हे काम अशा ठिकाणी केलंय, जिथं तासाला तीनशे किलोमीटरनं मोटारी पळत होत्या आणि त्या बघायला जगभरातून माणसं आली होती. त्या दिवशी पाहुण्यांसमोर गप्प बसलो. मुलाच्या मामानं मुलीच्या मामाशी भांडायचं नसतं. आज मात्र बोलणार आहे.

माझे वडील माधवनगरच्या कॉटन मिलमध्ये होते. मिलचा भोंगा हेच आमच्या घरातलं घड्याळ होतं. मिल बंद पडली तेव्हा नुसता एक पगार बंद झाला नाही, एका पिढीचं शहाणपण बंद झालं. सूत धरायला शिकलेली बोटं पुढं कुणी भाजीच्या तराजूला लावली, कुणी दुसऱ्याच्या रानात खुरप्याला. आम्हा पोरांना घरचे एकच सांगायचे, "हितं काय न्हाई, भाईर पड."

बाहेर पडायला आमच्या जिल्ह्यात एक ठरलेली वाट आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात गलाईवाला आपल्याकडचा निघतोच. माझा चुलत मामा दिल्लीत होता. मी त्याच्याकडं गेलो. पण ॲसिडचा धूर मला सोसला नाही. वर्षभरात खोकून खोकून छाती भरली. मामा म्हणाला, "तुझं काम न्हवं हे." मग गल्लीतल्या एकानं एका सिक्युरिटी एजन्सीत नेऊन उभा केलं. उंची बघितली, आधार म्हणून मामाचा पत्ता लिहून घेतला, गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापायचे ठरले आणि मी गार्ड झालो. शिकवणी किती? एक सकाळ. सलाम कसा ठोकायचा, रजिस्टर कसं लिहायचं, शिट्टी कधी फुंकायची. संपलं.

2011 च्या ऑक्टोबरात एजन्सीनं आम्हाला ट्रकमध्ये बसवून ग्रेटर नोएडाला नेलं. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. पाच किलोमीटर आणि वर थोडी अशी गुळगुळीत काळी सडक, तिला सोळा वळणं, हेर्मान टिल्के नावाच्या जर्मन माणसानं आखलेली. भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत 30 ऑक्टोबरला होती. त्या वर्षी 26 तारखेला लक्ष्मीपूजन होतं. आमची दिवाळी कुंपणाच्या जाळीला टेकून गेली. 28 तारखेला भाऊबीज. इकडं बहीण माधवनगरात ताट करून बसलेली आणि तिकडं शुक्रवारच्या सरावाला मोटारी पहिल्यांदा ट्रॅकवर आल्या.

आणि त्याच सरावात एक कुत्रं ट्रॅकवर आलं.

तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. सराव थांबवावा लागला. सगळ्या जगानं ते कुत्रं बघितलं आणि सगळं जग हसलं. मी त्या भागात ड्युटीला नव्हतो, पण संध्याकाळी शिव्या सगळ्यांनाच बसल्या. आमच्या एजन्सीचा सुपरवायझर ओरडत होता, "आँखें कहाँ थीं तुम्हारी?" त्याला कुणी उलट विचारलं नाही की बाबा, त्या डोळ्यांना झोप किती मिळाली होती? त्या आठवड्यात मी बारा-बारा तासांच्या ड्युट्या केल्या होत्या, दोनदा तर रिलिव्हर आला नाही म्हणून सलग चोवीस. चुकीचा धनी गार्ड असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चूक नसते तेव्हा तो कुणीच नसतो.

रविवारी शर्यत झाली. जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. मी कुठं होतो? प्रेक्षकांच्या सज्जाखाली, शर्यतीकडं पाठ करून उभा. गार्डानं शर्यत बघायची नसते, शर्यत बघणारांना बघायचं असतं. साठ फेऱ्या मी पाठीवर ऐकल्या. त्या काळची इंजिनं मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारी, आवाज कानात न्हवं, दातांत वाजायचा. समोरच्या लोकांनी कानात बोळे घातलेले. आम्हाला ठेकेदारानं शिट्टी दिली होती, कानात घालायला काही दिलं नव्हतं. मी रुमालाची चिंधी फाडून घातली.

शर्यतीआधी एक मिनिट शांतता पाळली. त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमॉनचेली हे दोन शर्यतवीर दुसरीकडच्या शर्यतींत गेले होते, त्यांच्यासाठी. मीही मान खाली घातली. पुढं कळलं की या खेळात फक्त चालवणारेच मरत नाहीत. 2000 साली इटलीत मोंझाला, 2001 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला उडालेलं चाक लागून ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मार्शल गेले. 2013 साली कॅनडात शर्यत संपल्यावर मोटार हलवणाऱ्या यंत्राखाली एक मार्शल गेला. कडेला उभं राहणं म्हणजे 'नुसतं' उभं राहणं नसतं, एवढंच मला पाहुण्यांना सांगायचंय.

तीन वर्षं तीन शर्यती झाल्या, तिन्ही व्हेटेलनंच जिंकल्या. हा खेळ की करमणूक, कर घ्यायचा की माफ करायचा, यावरून सरकार-दरबारी वाद झाले आणि 2013 नंतर फॉर्म्युला वन भारतात आलीच नाही. पण वर्षाचे बाकीचे दिवस ट्रॅक राखायला माणूस लागतोच. खरी नोकरी ती होती. रिकाम्या सज्ज्यांना राखणं. रात्री कोल्हे ओरडायचे, थंडीत धुकं असं पडायचं की हातातली काठी दिसायची नाही.

माझ्यासोबत जवळच्या गावातला एक गार्ड होता. एका पहाटे शेकोटीला बसल्यावर तो सहज म्हणाला, या बाजूच्या पट्ट्यात आमचा गहू असायचा. सहज म्हणाला, जसं आपण म्हणतो इथं पूर्वी हॉटेल होतं. त्या मुलखात जमिनीच्या मोबदल्यावरून आग पेटलेली होती. 2011 च्या मे महिन्यात भट्टा-पारसौल गावी शेतकरी आणि पोलिसांत गोळीबार झाला, दोन शेतकरी आणि दोन पोलीस मेले. आणि हा माणूस आपल्याच रानाच्या कुंपणावर दुसऱ्याचा पहारेकरी होऊन बसलेला.

एक गोष्ट मला आजही टोचते. एक म्हातारा दोन म्हशी घेऊन गेटाजवळ आला. त्याची जुनी वाट तिथनं जायची म्हणे. मी त्याला हटकलं. तो ऐकेना, तेव्हा मी काठी आपटून खेकसलो, माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बेटा, तू कहाँ का है?" मला उत्तर देता आलं नाही. माधवनगर म्हणालो असतो तर त्याला काय कळणार? आणि मिलच्या बंद गेटाची गोष्ट सांगितली असती तर मला त्या गेटावर उभं राहता आलं नसतं. म्हातारा परत फिरला. ती माझी नोकरी होती, हे खरं. पण गरिबाला गरिबाच्या अंगावर सोडायला गणवेश फार सोयीचा पडतो, हेही खरं.

आता मुद्द्याचं. राखण हे काम आपल्या गावाला नवीन नाही. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर बसून गोफण फिरवणारं पोरगं घरात कामाचंच धरलं जायचं. गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होता. चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्याची. पण खळ्यावर रास पडली की त्याचा वाटाही ठरलेला. त्या व्यवस्थेचं मला कौतुक नाही. जातीनं माणसाला जन्मभर वेशीवर बांधून घालणारी ती व्यवस्था मोडली हे फार चांगलं झालं. मी फक्त हिशोब सांगतोय: जबाबदारीसोबत वाटा होता.

मग मिल आली. वडील सांगायचे, गेटावरचा जमादार मिलच्या पटावर असायचा, साचेवाल्यासारखाच. त्याला फंड, त्याला सुट्टी, बोनस वाटला की त्यालाही बोनस. जात पुसली गेली नाही, पण वाट्याच्या जागी हक्क आला. ही पुढची पायरी होती.

आणि आता आपण कुठं आलो? गार्ड कंपनीच्या गेटावर, पण कंपनीच्या पटावर नाही. काम कंपनीचं, माणूस ठेकेदाराचा, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. जागल्याचा वाटा गेला, जमादाराचा हक्क गेला, उरली फक्त जबाबदारी. माझ्या पगारातून तीन वर्षं फंड कापला. नोकरी सोडून खात्यावर बघायला गेलो तर सात महिन्यांचाच भरलेला. बाकीचा कुठं गेला? कुत्रं कुठनं आलं हे विचारायला शंभर माणसं होती, हे विचारायला एकही नाही.

कायदा नाही असं नाही. आपल्या महाराष्ट्रानं तर 1981 सालीच खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. मंडळं काढली. गार्डाची नोंदणी मंडळाकडं, मालकानं पैसे मंडळात भरायचे आणि मंडळानं गार्डाला द्यायचे, अशी सोय केली, म्हणजे मधल्या माणसाला खायला जागाच नको. पण त्याच कायद्यात सवलतीचं दारही ठेवलं. ज्या एजन्सीचे गार्ड मंडळाच्या गार्डापेक्षा कमी लाभात नाहीत, त्यांना सूट. लाभ कमी आहेत की जास्त हे कागदावर ठरतं, आणि कागद कोण लिहितं हे सांगायला नको. 2005 साली केंद्राचा कायदा आला. त्याच्या नमुना नियमांत गार्डाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष, अशी एकशे साठ तासांची शिकवणी लिहिली आहे. मला मिळाली एक सकाळ. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं द्यायची, हे तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं. मला हे सगळं कधी कळलं? गावी परत आल्यावर, सांगलीत एका वकिलाच्या ऑफिसबाहेर दोन तास बसल्यावर.

लोक म्हणतात, "अहो, दहावी नापास पोरांना काम मिळतंय हेच नशीब समजा." का समजू? बारा तास जागं राहणारा माणूस फुकट मिळत नाही म्हणूनच तुम्ही त्याला पगार देता ना? मग आठ तासांच्या दरात बारा तास घेणं याला नशीब म्हणायचं की चोरी? दुसरे म्हणतात, "आता कॅमेरे आलेत, माणूस लागणार नाही." कॅमेऱ्यानं कुत्रं दिसतं, हाकलायला माणूसच लागतो. आग लागली तर गेट उघडायला, चक्कर आलेल्या म्हाताऱ्याला पाणी द्यायला माणूसच लागतो. महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानं मालकांनी सोडली. ज्यांनी माडीवर बसून राखण केली, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत का?

शहरातल्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या सोसायटीच्या गेटावर जो उभा आहे, त्याला 'ए वॉचमन' म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा: ड्युटी किती तासांची, फंड भरला जातो का, आणि बसायला खुर्ची आहे का. खुर्चीचं हसू नका. केरळनं 2018 साली आणि तामिळनाडूनं 2021 साली दुकानांत काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यानं द्यावा लागला, इतकी ही साधी गोष्ट आपण माणुसकीनं देत नाही. एजन्सी स्वस्त आहे म्हणून खूश होऊ नका. ती स्वस्त आहे कारण कुणाच्या तरी झोपेतनं, कुणाच्या तरी फंडातनं ती पैसे काढते, आणि ठेका तुमच्या सहीनं दिलेला असतो.

आणि गावाकडच्यांना सांगायचंय ते वेगळं. आपणच आपल्या पोरांच्या कामाला 'काही नाही' म्हणतो, तेव्हा ठेकेदाराचं काम सोपं होतं. ज्या कामाला बापच काम मानत नाही, त्याचा दाम मालक कशाला देईल?

2023 च्या सप्टेंबरात त्याच ट्रॅकवर मोटोजीपीची शर्यत झाली. मी घरी टीव्हीवर बघितली. भाचा शेजारी बसला होता, नाईट करून आलेला, डोळे तांबडे. सगळे मोटारसायकली बघत होते. तो मधेच म्हणाला, "मामा, त्यो बघा, जाळीजवळ. पाठ करून हुबा हाय."

त्याला बरोबर दिसला. बाकी कुणाला दिसला नव्हता.

त्या पाहुण्यांनी पुन्हा कधी आमच्या घरी यावं. चहा घ्यावा. आणि रात्री दहापासून सकाळी दहापर्यंत एकदा माझ्या भाच्याच्या गेटावर नुसतं बसून दाखवावं.