गुंठ्याची खरेदी आणि उसाचा फड



नोंदी घ्यायला गटात फिरलं की हल्ली लागणीच्या आधी तुकडेबंदीची गोष्ट निघते. "साहेब, कायदा उठला म्हणतात, खरं का?" तर कायदा उठलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला. शहरांच्या हद्दीत, तसेच विकास आराखड्यांत निवासी, व्यापारी किंवा औद्योगिक दाखवलेल्या जमिनींत १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले गुंठेवारीचे व्यवहार त्याने विनाशुल्क नियमित करायचे ठरवले. पूर्वी त्याला बाजारभावाच्या २५ टक्के भरावे लागत, पुढे ते ५ टक्क्यांवर आले, आता तेही गेले. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन दोन खोल्या बांधल्या त्यांचं नाव उताऱ्यावर लागेल, यात वाईट काही नाही.

पण आपल्यातलेच काही जण आता म्हणतात, शेतीच्या पट्ट्यातही हीच सूट द्या. त्याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत.

मूळ कायदा १९४७ चा. त्याची कामं दोन : तुकडे पडू न देणे आणि पडलेले तुकडे एकत्र करणे. एकत्रीकरणाचं काय झालं ते गट नंबरच्या चुकांपायी तहसिलीत खेटे घालणाऱ्यांना विचारा. आणि तुकडे थांबले का? १९७०-७१ च्या गणनेत राज्यात सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ वर आलं. कायद्याने विक्री अडवली, भावाभावांच्या वाटण्या अडल्या नाहीत. त्या बांधावर झाल्या, कागदावर आल्या नाहीत. उतारा सामाईक, ऊस एकाचा, नोंद दुसऱ्याच्या नावाने आणि बिलाच्या वेळी गट ऑफिसात भांडण! ज्यांना विकायचंच होतं त्यांनी चौघा-पाचजणांच्या नावे ११ गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत करायची वाट काढली. तेव्हा जुना कायदा जसाच्या तसा ठेवा, असं मी म्हणणार नाही. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला दोन गुंठे विकण्याची पाळी कोणावरही येते.

ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे झालं आहे. एकरी ४० टन धरला तर १० गुंठ्यांत १० टन ऊस, म्हणजे जेमतेम एका ट्रॅक्टरची खेप. एवढ्यासाठी टोळीचा मुकादम खुशीने येत नाही आणि तोडणी यंत्राला तर वळायलाच तेवढी जागा लागते. त्याच्याही खाली गेलो तर फड राहणार नाही, परसातला ऊस राहील.

आता माझ्या गावचं सांगतो. मी पालघरजवळच्या माहीमचा. तिकडे शेताला वाडी म्हणतात. केळव्या-माहीमच्या वाड्यांत पानवेली, केळी आणि नारळ. दहा-वीस गुंठ्यांच्या पानवेलीवर घरं चालली, मुलं शिकली. मीही त्यातूनच पदविकेपर्यंत आलो. म्हणजे लहान तुकडा जगत नाही असं नाही, पण तो विहिरीवर जगतो. पालघर-बोईसरकडे तारापूरच्या कारखानदारीने वस्ती वाढली, तशी जमीन गुंठ्यावर बोलू लागली. आमच्या चुलत्यांनी अडचणीत कडेचे तीन गुंठे विकले. विहीर त्या तीन गुंठ्यांत गेली! खरेदीखतात पाण्याचा हिस्सा लिहिला नव्हता, पाटाचा नाही, पायवाटेचाही नाही. घेणाऱ्याने कुंपण घातलं. त्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याने कागदावर होतं तेवढं घेतलं. दुसरी विहीर खोदली ती खाडीच्या अंगाला. तिचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि मचूळ पाण्यावर पानवेल टिकत नाही. आमची पानवेल गेली ती जमीन कमी पडून नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं, की शेतीच्या पट्ट्यात सूट द्यायचीच तर आधी मोजणी व्हावी. आणि विहिरीचा हिस्सा, पाट आणि गाडीवाट नकाशात दाखवल्याशिवाय दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवू नये. विहिरीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ५ गुंठ्यांपर्यंत जमीन घ्यायची सोय २०२४ च्या नियमांत झालीच आहे, ती कितीजणांनी वापरली? वाट अडली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली किंवा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र निकाल लागेतो उभ्या उसाला तुरे येतात, हे मी फडावर पाहिलं आहे.

ज्या सभासदांचा या हंगामात काही गुंठे देण्या-घेण्याचा विचार असेल त्यांनी इसार करण्यापूर्वी उतारा, फाळणी नकाशा आणि खरेदीखताचा कच्चा मसुदा घेऊन गट ऑफिसात यावे. मी सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोननंतर असतो. वकिलाचं काम मी करणार नाही, पण विहीर कोणत्या बाजूला जाते एवढं तरी दोघं मिळून पाहू.