बेसिनच्या जाळीखाली

कॅनडातील टोरांटो जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता व अवयव प्रत्यारोपण विभागांत डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात ३६ रुग्णांमध्ये एकच जिवाणू सापडत राहिला. स्यूडोमोनास एरुगिनोसा त्याचे नाव. बहुतेक प्रतिजैविकांना तो दाद देत नव्हता. त्यातील १७ रुग्ण दगावले. आधीच अत्यवस्थ असलेल्यांचा प्रत्येक मृत्यू जंतूच्या खात्यावर मांडता येत नाही, हे खरे. पण जंतू येतो कुठून, हे शोधणे भाग होते. शोध थांबला तो हात धुण्याच्या बेसिनपाशी. संसर्ग टाळण्यासाठीच बसवलेल्या बेसिनपाशी!

नळाची धार थेट निचऱ्याच्या जाळीवर पडत होती. जाळीखाली चमकणारा रंग टाकून नळ सोडल्यावर दिसले, की शिंतोडे किमान एक मीटरपर्यंत उडतात. त्या टप्प्यात रुग्णाची खाट होती आणि औषधे तयार करण्याची जागाही. जंतुनाशके ओतून काही साधले नाही. शिंतोडे उडणार नाहीत अशा रीतीने बेसिनांची रचना बदलली, तेव्हाच साथ थांबली.

नळीत खोल दडलेला जिवाणू वर येतो कसा, याचे उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दिले. प्रयोगशाळेत त्यांनी रुग्णालयासारखी बेसिने बांधली आणि खालच्या वाकड्या नळीत, जिथे पाणी साचून राहते तिथे, चमकणारे ई. कोलाय जिवाणू सोडले. नुसता नळ सोडल्याने ते बाहेर उडाले नाहीत. मात्र अन्न मिळत राहिल्यावर ते नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरत रोज सुमारे अडीच सेंटीमीटर वर चढले आणि आठवडाभरात जाळीपर्यंत पोहोचले. त्यानंतर पाण्याचा प्रत्येक फवारा त्यांना बेसिनभर आणि बेसिनबाहेर नेऊ लागला.

हा बुळबुळीत थर साधा मळ नव्हे. जंतुनाशक त्याच्या वरच्या पापुद्र्याला लागते, आतले जिवाणू तगून राहतात. रुग्णालयाच्या नळीत तर प्रतिजैविकांचे अंशही वाहत येतात. औषधाला पुरून उरणारे जिवाणू तिथे टिकतात आणि प्रतिकाराची जनुके शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या २०१० मधील १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे जनुक सापडले होते. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न रुग्णालयाच्या कुंपणाआड थांबलेला नाही.

आता आपल्या एखाद्या वॉर्डातले बेसिन आठवावे. उरलेले सलाइन त्यात ओतले जाते. नातेवाईक डबा तिथेच विसळतात. चहा, वरणाचे पाणी, फळांचा रस सगळे त्याच जाळीतून जाते. जिवाणूंना यापेक्षा चांगला पाहुणचार मिळणे कठीण. यावर नातेवाइकांना किंवा मावशींना दटावणे सोपे आहे, पण भांडी घासायला दुसरी मोरी दिलेली नसेल तर त्यांनी जावे कुठे? हा दोष वापरणाऱ्यांचा कमी आणि इमारतीच्या आराखड्याचा जास्त आहे. दर्शनी भागाच्या काचेवर आणि गुळगुळीत फरशीवर बैठकांमागून बैठका होतात. बेसिन खाटेपासून किती दूर असावे आणि नळाची धार कुठे पडावी, हे मात्र बहुधा प्लंबरच्या सोयीने ठरते.

नेदरलँड्समधील नायमेगन येथील विद्यापीठ रुग्णालयाने अतिदक्षता विभागाच्या खोल्यांतून बेसिनेच काढली आणि रुग्णांची स्वच्छता नळाच्या पाण्याविना सुरू केली. तेथे रुग्णांच्या अंगावर अशा जिवाणूंचे आढळणे कमी झाले, दीर्घकाळ दाखल असलेल्यांमध्ये तर ठळकपणे. हे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. जिथे चाळीस खाटांना जेमतेम दोन बेसिने आहेत, तिथे ती काढणे म्हणजे हात धुणेच बंद करणे. पण हात धुण्याचे बेसिन फक्त हात धुण्यासाठी ठेवता येते. सांडपाण्यासाठी वेगळी मोरी आणि डबे धुण्यासाठी वॉर्डाबाहेर जागा करता येते. औषधांची ट्रॉली बेसिनपासून दूर सरकवायला तर खर्चही येत नाही. नव्या इमारतींचे आराखडे मंजूर करताना संसर्ग नियंत्रण समितीची सही बंधनकारक केली, तर पुढची तोडफोडही वाचेल.

जुन्या इमारतींत सुरुवात तक्रारवहीपासून करावी लागेल. तुंबलेले बेसिन आज तिथे बंद पंखा आणि तुटलेल्या कडीच्या रांगेत लिहिले जाते आणि दुरुस्तीची वाट पाहत राहते. ती नोंद त्याच दिवशी संसर्ग नियंत्रण परिचारिकेकडेही गेली पाहिजे.