दहा फुटांची खोली आणि वाइड लेन्स

पनवेलच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: मुलगा निकाह आणि वलीम्याचे फोटो काढतो. कॅमेरा कॅनन १५००डी. आता त्याला वाइड लेन्स हवी आहे. एका दुकानदाराने १६-३५ ची लेन्स सुचवली, मित्र म्हणतो १०-१८ घे. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि पैसे भिशीतले. काय घ्यावे?

उत्तर आधी देतो. १०-१८ घ्या. महागडी १६-३५ लेन्स वाईट नाही, उत्तम आहे. पण ती या कॅमेऱ्यासाठी नाही. असे का, हे आईनेही समजून घेतले तर बरे. आपल्याकडे पैसे आई काढून देते आणि दुकानातली भाषा फक्त मुलाला कळते, असे फार होते.

कॅमेऱ्याच्या आत, जिथे पूर्वी रोल असायचा, तिथे आता सेन्सर असतो. जुन्या रोलवरची एक फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच होती. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हापासून हे माप रूढ झाले. ज्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर तेवढाच, त्याला फुल फ्रेम म्हणतात. पण तरुण मुलांच्या हातात दिसणारे बहुतेक कॅमेरे त्याहून लहान सेन्सरचे असतात. कॅनन १५००डी, २००डी यांचा सेन्सर सुमारे २२.३ मिलिमीटर रुंद आहे, निकॉन डी३५००, डी५६०० आणि सोनी ए६४०० यांचा साधारण २३.५. पॅनासॉनिक आणि ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांत तो १७.३ मिलिमीटरच असतो.

खिडकीचे उदाहरण घ्या. मोठ्या खिडकीतून मोहल्ला जास्त दिसतो, लहान खिडकीतून कमी. लहान खिडकीतून तेवढेच पाहायचे तर डोळा खिडकीच्या जवळ न्यावा लागतो. सेन्सर ही खिडकी, आणि लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा म्हणजे खिडकीपासून डोळ्याचे अंतर. म्हणून लहान सेन्सरला लहान आकड्याची लेन्स लागते. १६, १०, १८ हे आकडे एकटे काहीच सांगत नाहीत.

दुकानात जाण्याआधी घरीच हिशेब होतो. समोरच्या भिंतीपर्यंत जेवढे फूट, त्याला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि लेन्सच्या आकड्याने भागा. भिंतीची तेवढी फूट रुंदी फोटोत मावेल. पनवेल-कामोठ्याच्या फ्लॅटमधली खोली धरू. पाठ भिंतीला टेकली, समोरची भिंत १० फुटांवर. १५००डीबरोबर येणारी १८-५५ लेन्स १८ वर ठेवली तर सुमारे १२.४ फूट मावतात. दुकानदाराची १६-३५ लावली तर सुमारे १३.९ फूट. एवढे पैसे ओतून दीड फूट मिळाला! तीच १०-१८ दहावर ठेवली तर २२.३ फूट. १६-३५ फुल फ्रेमवर लावली असती तर तिनेही २२.५ फूट दिले असते. म्हणजे लहान सेन्सरवरची १० आणि फुल फ्रेमवरची १६ जवळजवळ सारख्या. १७.३ मिलिमीटरच्या सेन्सरला हेच काम ८ च्या आसपासचा आकडा करतो. त्यासाठी पॅनासॉनिकची ७-१४ आणि ऑलिंपसची ९-१८ आहे.

कॅननने ईएफ-एस १०-१८ ही लेन्स २०१४ साली आणली. वजन अवघे २४० ग्रॅम. निकॉनची तशीच एएफ-पी १०-२० लेन्स २०१७ ची. पण तिच्यात एक खोच आहे. डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर ती चढते, पण फोकसच करत नाही, हाताने फिरवूनही नाही. सेकंडहँड घेणाऱ्याने हे आधी पाहावे. टोकिनाची ११-१६ एफ २.८ जुन्या बाजारात मिळते आणि आम्हाला आवडते, कारण ती कॅननच्या एफ ४.५ पेक्षा सुमारे अडीच पट जास्त उजेड आत घेते. ट्यूबलाइटच्या खोलीत याचा खरा फायदा. मात्र निकॉन डी३०००, डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यावर तिची पहिली आवृत्ती आपोआप फोकस करत नाही. दुसरी आवृत्ती करते.

“पुढे फुल फ्रेम घेणारच आहे, मग लेन्स आताच त्याची घेतो,” असे मुले म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. पुढचा कॅमेरा येईल तेव्हा येईल. निकाहची सुपारी या महिन्यात आहे. उलट बाजूही सांगून ठेवतो. कॅननची ईएफ-एस लेन्स त्यांच्या ६डी, ५डी या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवर बसतच नाही. निकॉनची लहान सेन्सरची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर बसते, पण कॅमेरा मधला भागच वापरतो. डी७५० चे २४ मेगापिक्सेल सुमारे १० वर येतात.

आता लेन्स आली, तर ती वापरायची कशी? इतक्या रुंद लेन्सला दोन खोडी आहेत. पहिली, कडेची माणसे ताणली जातात. दहावर काढलेल्या फोटोत अगदी डाव्या-उजव्या काठावरचा चेहरा सुमारे दीडपट रुंद दिसतो. दादी, नानी, दुल्हनची अम्मी यांना काठावर बसवू नका; काठाला पडदा, दार, फुले राहू द्या. मोठ्या कुटुंबाचा ग्रुप फोटो शक्य असेल तर दाराबाहेर मागे सरून १८-५५ नेच काढा. दुसरी खोड, कॅमेरा थोडा वर उचलला की खांब आणि मिनार आत झुकतात. कॅमेरा सरळ धरा आणि जागा हवी असेल तर खाली बसा.

तिसरी गोष्ट लेन्सची खोड नाही, आपल्या घरांची बाब आहे. बायकांच्या खोलीत दुल्हनचा फोटो काढताना साधी लेन्स तिच्या शेजारच्या दोघींनाच घेते. वाइड लेन्स अख्खी खोली घेते. कोपऱ्यात बसलेली खाला, दुपट्टा सावरणारी शेजारीण, जिला फोटो नको आहे अशी मुलगी, सगळ्या आत येतात, आणि त्यांना कळतही नाही, कारण कॅमेरा त्यांच्याकडे वळलेलाच नसतो. फोटोवाल्याने आधी सांगावे की यात सगळी खोली येणार. ज्यांना नको, त्यांना उठून जायला वेळ द्यावा. मुलगी कॅमेरा शिकत असेल तर बायकांच्या खोलीचे काम तिलाच द्या. या कामाला मागणीही चांगली आहे.

याच लेन्सचा आणखी एक धंदा पनवेलमध्ये जोरात आहे, फ्लॅटच्या जाहिरातींचा. विमानतळामुळे या पट्ट्यात घरे पाहणारे वाढले, आणि पुष्कळजण नोकरीच्या गावाहून, आखातातूनसुद्धा, मोबाइलवर फोटो पाहून बयाणा देण्यापर्यंत येतात. दहा फुटांची बेडरूम या लेन्समध्ये दालन वाटते. पारखायचे कसे? फरशा मोजा. फरशी दोन बाय दोन फुटांची असेल आणि भिंतीलगत पाच भरत असतील, तर खोली दहा फूटच आहे, फोटो काहीही म्हणो. फरशीचे माप मालकाला विचारा. कोपऱ्यातले गोल घड्याळ अंड्यासारखे दिसले तर लेन्स फार रुंद होती असे समजा. शेवटी भरवसा करारातल्या कार्पेट एरियाच्या आकड्यावर. नव्या प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर तपशील पाहता येतो. आणि जो मुलगा असे फोटो काढून देतो, त्याने खोलीचे माप फोटोखाली लिहायला सांगावे. गिऱ्हाईक घर बघायला येऊन रागाने परत गेले, तर दलालाचेही काम वाया जाते.

कर्नाळ्याला फिरायला जाताना मात्र ही लेन्स घरी ठेवली तरी चालेल. गोवा महामार्गावरून दिसणारा तो सुळका हिच्यात काडीएवढा होतो. पक्ष्यांचे तर नावच नको.

घेण्याआधी एक दिवस लेन्स भाड्याने आणून एक निकाह करून पाहावा. किंवा त्याहून स्वस्त, मोबाइलमध्ये ०.५ ची सोय असेल तर महिनाभर तिच्यानेच खोल्या टिपून पाहाव्या, म्हणजे इतके रुंद खरेच लागते का ते कळेल. जुनी लेन्स घ्यायला हार्बर लाइनने फोर्टच्या बाजारात जाणार असाल तर खिशात टॉर्च ठेवा. लेन्स उघडी धरून मागून उजेड टाकला की आतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी दिसली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि कपाटातल्या चामडी पिशवीत लेन्स खराब होते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या दमट झाल्या की बदला, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.