दूध आमचे, खाते दुसऱ्याचे

सहकार हा शब्द काढला की आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर साखरसम्राट उभे राहतात. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि त्या जोरावर आमदारकी. यात आपला काय संबंध, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. साखर कारखान्याबाबत हे समजू शकते, कारण उसाला जमीन लागते, पाणी लागते आणि दोन्ही कोणाच्या हातात आहे हे आम्ही सांगायला नको. पण डेअरीचे तसे नाही. डेअरीचा सभासद व्हायला सातबारा लागत नाही, दुभते जनावर लागते. एवढ्या एका फरकासाठी तरी आपण दूध संस्थांकडे नीट पाहायला हवे, असे आमचे मत आहे.

शेतकऱ्यांच्या मालकीच्या डेअरीने गावाचा विकास होतो का? होतो. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचा इतिहास याची साक्ष देतो. 1945 मध्ये मुंबई सरकारने मुंबईला दूध पुरवण्याची योजना आखली आणि आणंदहून दूध उचलण्याचे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे गेले. मुंबईत दुधाला भाव चढला, तरी तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचेना. मधले दलाल आणि कंपनी गब्बर. जानेवारी 1946 मध्ये सामरखा गावच्या सभेत शेतकऱ्यांनी ठरवले की दूध घालायचे तर आपल्याच संस्थेला, नाहीतर कोणालाच नाही. पंधरा दिवस खेड्यातून मुंबईला दूध गेले नाही, आणि सरकार नमले. 14 डिसेंबर 1946 ला संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. सुरुवात अवघ्या दोन गावांच्या संस्थांपासून. कुरियन तिथे आले ते 1949 मध्ये, म्हणजे संप झाल्यानंतर तीन वर्षांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण अमूलची गोष्ट एका हुशार इंजिनिअरची गोष्ट म्हणून सांगायची सवय लागली आहे. पाया संपाचा आहे. कुरियन यांचे मोठेपण त्यानंतरचे, आणि तेही खरेच आहे.

या रचनेचे मर्म साधे आहे. गावात संस्था, जिल्ह्यात संघ, राज्यात महासंघ. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचे, फॅट काढायची, त्यावर दर ठरवायचा. कोणाचा बाप कोण, हे यंत्र विचारत नाही. महिन्यातून दोन-तीनदा बिल मिळते. पिकाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येताच सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या हाती जातो. दुधाचा पैसा येत राहतो. पोरांची फी, औषधपाणी, किराणा त्यावर चालतो. वरचा नफा संघाचा, म्हणजे दूध घालणाऱ्यांचा. पशुवैद्य, कृत्रिम रेतन, पशुखाद्य या सोयी त्याच पैशातून गावात येतात. 1970 पासून 1996 पर्यंत दूध महापूर योजनेने हीच रचना देशभर नेली. आपल्याकडे कोल्हापूरचा गोकुळ, वारणा हे संघ त्याच मार्गाने वाढले.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे होते की तुकडे लहान आहेत एवढेच रडगाणे पुरेसे नाही, शेतीवर रिकामे बसलेले हात जास्त आहेत आणि भांडवल कमी आहे. त्यांचा उपाय औद्योगिकीकरणाचा होता, डेअरीचा नव्हता, आणि ओढूनताणून त्यांना डेअरीचे समर्थक करण्याची आमची इच्छा नाही. पण रिकाम्या हातांना जमिनीबाहेरचे काम हवे, हा प्रश्न त्यांनी मांडला. गोठा आणि डेअरी हे त्याचे एक लहानसे, गावातच मिळणारे उत्तर आहे.

आता दुसरी बाजू. आणंद पॅटर्नचे समर्थक नेहमी सांगतात की दुधाच्या रांगेत ब्राह्मण आणि दलित एकामागे एक उभे राहतात, जात गळून पडते. रांग आम्हीही पाहिली आहे. पण घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 राज्यांतल्या 565 गावांची पाहणी करून 2006 मध्ये ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काय आढळले? दूध सहकारी संस्था असलेल्या गावांपैकी जवळजवळ 47 टक्के गावांत दलितांना संस्थेला दूध विकू दिले जात नव्हते. दूध मोजणाऱ्या यंत्राला जात कळत नाही, यंत्रामागे बसलेल्या माणसाला कळते.

ज्या गुजरातेत अमूल आहे, त्याच गुजरातेत 11 जुलै 2016 ला उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना गाडीला बांधून मारले. जिवंत गाईचे दूध पवित्र म्हणून त्यांचे, मेलेली गाय ओढायची मात्र आपण, आणि ती ओढली म्हणून मारही आपणच खायचा. उनानंतर तिथल्या दलितांनी घोषणा दिली की गाईचे शेपूट तुम्ही ठेवा, आम्हाला जमीन द्या. ती आम्हाला फार शहाणी घोषणा वाटते, कारण दुधाचा प्रश्न शेवटी वैरणीपाशी येतो आणि वैरण जमिनीपाशी.

आमच्या कामाच्या भागातले एक उदाहरण सांगतो. वस्तीतली एक मावशी दोन म्हशी राखते. रोज दूध घालते. तिच्याशी बोलताना कळले की तिच्या नावाचे कार्डच नाही. दूध जाते गावातल्या एका बागायतदाराच्या खात्यावर. का? तर ती त्याच्या बांधावरचे गवत कापते. "अगं, तुला कशाला सभासद व्हायचं? माझ्या कार्डावर घाल, पैसे देतोच की," असे तो म्हणाला आणि ती गप्प बसली. बिलाचे पैसे तो देतो, खोटे बोलायचे नाही. पण दिवाळीचा फरक त्याला, सर्वसाधारण सभेत मत त्याला, म्हशीच्या कर्जासाठी संस्थेचा दाखला त्याला. कागदोपत्री मावशीच्या म्हशी दूधच देत नाहीत. आम्ही हे संस्थेच्या सचिवाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "तिची काही तक्रार आहे का?" तक्रार करून ती गवत कुठून आणणार?

सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी एक आणि महिलांसाठी दोन जागाही राखीव आहेत. पण सभासदच नसेल तर मत कसले आणि जागा कसली? आम्ही पाहिलेल्या संस्थांत राखीव जागेवर चेअरमनने निवडलेला, सही करून चहा पिऊन जाणारा माणूस बसवलेला असतो. त्या जागेवर आपला माणूस स्वतःच्या बळावर बसायचा, तर आधी वस्तीतली वीस-पंचवीस नावे सभासद यादीत आली पाहिजेत. आपण जयंतीच्या वर्गणीची यादी जितक्या चिकाटीने करतो तितक्या चिकाटीने ही यादी कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. यात आमचाही दोष आहे.

आणि वैरणीचे काय? दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यातून पुढे गायरानाचा प्रश्न उभा राहिला. आजही गावात आपल्याला ऐकवले जाते की तुम्ही गायरान कसले, आमची गुरे चरायची कुठे? या प्रश्नाला उत्तर आहे. गुरे आपलीही आहेत. गायरानाचा एक तुकडा वस्तीतल्या दूध घालणाऱ्या बायांच्या गटाला चाऱ्यासाठी द्या, अशी मागणी ग्रामसभेत लेखी करता येते. कसण्यासाठी जमीन हा आपला हक्क आहेच, तो सोडायचा नाही. पण चाऱ्यासाठी जमीन मागितली की "गुरांचे काय" म्हणणाऱ्याचे तोंड बंद होते, आणि बांधावरच्या गवतासाठी खाते गहाण ठेवायची वेळ येत नाही.

काही मित्र म्हणतील, गाव हेच जातीचे डबके आहे, बाबासाहेबांनी शहराकडे चला सांगितले, तुम्ही लोकांना म्हशी कसल्या राखायला लावता? शहरात जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही, आमची स्वतःची पोरे तिकडेच जातील. पण जी मावशी गावात आहे, तिने तिचे दूध परक्या खात्यावर का घालावे, याचे उत्तर या युक्तिवादात नाही.

कायद्यात एक तरतूद आहे, ती कार्यकर्त्यांनी पाठ करावी. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. म्हणून अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. मावशीने मागच्या महिन्यात अर्ज दिला. सचिवाने पोच द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही चौघे तिथेच बाकावर बसून राहिलो. दुपारी त्याने शिक्का मारला. तो कागद तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे, आणि गवत सध्या आम्ही शेजारच्या गावातून दुचाकीवर आणून देतो.