लाकडी फरशी आणि पंचगंगेचं पाणी

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरात आपला भाव एकदम वधारतो. ब्रँच कुठलीही असो, मिक्सर बिघडला तरी हाक आपल्यालाच. त्यात घराचं काम निघालं तर विचारूच नका. "तू इंजिनिअर हाईस न्हवं, मग सांग की, हॉलमध्ये फरशी कुठली घालायची?" अलीकडे या प्रश्नाचं उत्तर शोरूममधून आधीच ठरून आलेलं असतं : वुडन फ्लोअरिंग. दिसायला झकास, पायाला ऊबदार, आणि एका दिवसात खोली तयार. आपण फक्त मान डोलवायची.

माझं म्हणणं एवढंच, की मान डोलवण्याआधी घर कुठं आहे ते बघा. कोल्हापुरात, नदी-नाल्याच्या बाजूला, तळमजल्यावर लॅमिनेट फ्लोअरिंग घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात ते सरळ अर्थानं लाकूड नव्हेच. वर पारदर्शक, कठीण थर. त्याखाली लाकडाचा छापील फोटो असलेला कागद. त्याखाली लाकडाचा बारीक भुगा-तंतू राळेबरोबर प्रचंड दाबाखाली दाबून केलेला सात-आठ मिलिमीटरचा बोर्ड, म्हणजे एचडीएफ. हा प्रकार 1977 साली स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीनं काढला. तिकडं हिवाळाभर घर गरम ठेवतात आणि फरशी फार तर ओलसर फडक्यानं पुसतात. आपल्याकडं बादलीभर पाणी ओतून झाडूनं लोटल्याशिवाय घर धुतल्यासारखं वाटत नाही!

आता पाण्याचं गणित बघा. एचडीएफमधले तंतू दाबून ठेवलेले असतात. पाणी लागलं की ते फुगतात आणि दाबलेली स्प्रिंग सुटावी तसे मोकळे होतात. वाळल्यावर ते परत पहिल्या जागी बसत नाहीत. म्हणून एकदा फुगलेल्या पट्टीची कड कायमची वर राहते. नुसती हवेतली ओलसुद्धा पुरते. समजा पट्ट्या हजारात दोन भाग वाढल्या, तर 4 मीटरच्या खोलीत 8 मिलिमीटर वाढ झाली. म्हणूनच भिंतीकडेनं 8 ते 10 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची असते. मिस्त्रीनं घाईत फट सोडली नाही, तर ऐन जुलैत हॉलच्या मधोमध तंबू उभा राहतो. जुन्या घरात जोत्याला डीपीसी नसेल तर जमिनीची ओल खालून येते ती वेगळीच. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर थोडा बचाव होतो, पण तो कागद जोडावर नीट चिकटवला आहे का, हे कोण बघतं?

दुकानदार म्हणतो, "एसी-4 माल आहे, काही होत नाही." हा आकडा वरचा थर घासून किती झिजतो त्याचा आहे, पाण्याचा नव्हे. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ वर सांडलेलं पाणी काही तास थोपवणं. पूर वरून सांडत नाही, तो दारातून आणि खालून येतो.

आणि पूर ही आपल्याकडं कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागातल्या घरांत पाणी शिरलं, हायवे बंद पडला. पूर ओसरल्यावर शहाबादी फरशी किंवा कोबा असलेल्या घरात चिखल लोटला, खराट्यानं घासलं, फिनेल टाकलं की जमीन पुन्हा जमीन झाली. लॅमिनेटखाली मात्र फोमची शीट असते. तिच्यात घाण पाणी अडकून बसतं, वरून वाळल्यासारखं दिसलं तरी. सगळं उचकटून टाकण्यावाचून इलाज नाही.

याचा अर्थ लॅमिनेट वाईटच असा नाही. तिसऱ्या मजल्यावरची कोरडी बेडरूम आहे, आजीचे गुडघे थंड फरशीनं दुखतात, जुनी फरशी फोडायची नाही, तर जरूर घाला. बॉक्स उघडण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवा, जमीन लेव्हलमध्ये करून घ्या, फट सोडा. तळमजल्यावर लाकडाचाच लूक हवा असेल तर तशा नक्षीच्या विट्रिफाइड टाईल्स मिळतात. पायाला थंड लागतील, पण धुऊन निघतील.

वर्गात आपण मटेरियलचे गुणधर्म पाठ करून मार्क मिळवतो. पण घरी विचारलेल्या त्या साध्या प्रश्नाला मार्क नसतात, पैसे असतात, आणि तेही बाबांच्या पीएफचे किंवा सोसायटीच्या कर्जाचे. फरशी दोन पावसाळ्यांत फुगली तरी हप्ता पुढं चालूच राहतो. तेव्हा या सुट्टीत कुणी विचारलं तर कॅटलॉग उघडण्याआधी एवढंच विचारा : "2019 ला आणि 2021 ला आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं?" उत्तर गुडघ्यापर्यंत असेल, तर घरच्यांना नाही म्हणायला लाजू नका. तेवढ्यासाठी तरी आपण इंजिनिअर व्हायला आलोय की!