उमेदवारीच्या वर्षाचा हिशेब

निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार आणि कारखान्यात अल्प विद्यावेतनावर हुन्नर शिकतो तोही उमेदवारच. पहिल्याची चर्चा बारमाही चालते. दुसऱ्याचे वर्ष कसे गेले, याची विचारपूस त्याच्या घराबाहेर क्वचितच होते. नागपूरला तरी ही उदासीनता शोभत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली येथे सुरू झाली आणि होतकरू तरुणांना गिरणीतच उमेदवार म्हणून घेऊन तयार करण्याची पद्धत तिने अंगीकारली. ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली. आज अंबाझरीची आयुध निर्माणी, हिंगण्याचा ट्रॅक्टर कारखाना, मोतीबागेतील रेल्वेची कार्यशाळा ही उमेदवारीची ठिकाणे आहेत. आयटीआयचे प्रमाणपत्र घेतलेला वर्धा-भंडाऱ्याकडचा मुलगा यांपैकी एखाद्या फाटकातून आत शिरला, की घरचे त्याचे आयुष्य मार्गी लागले असे समजतात.

कायदा मात्र इतके आश्वासन देत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. पदवी व पदविकाधारक अभियंते १९७३ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आले. या कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. भरतीविषयी प्रत्येकाने आपले धोरण ठरवावे, एवढेच २०१४ ची दुरुस्ती सांगते. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यास दरमहा किमान ७,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले, तसेच ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. विद्यावेतनाचा काही भार २०१६ पासून केंद्र सरकार उचलते. म्हणजे डोकी मोजण्याची व्यवस्था चोख झाली. त्या डोक्यांत आणि हातांत काय उतरले, हे मोजण्याची झाली काय?

चांगली उमेदवारी कशी असते, ते फिटरच्या बाकावर पाहावे. पहिले कित्येक दिवस मुलाच्या हाती केवळ कानस आणि लोखंडाचा एक तुकडा असतो. घासायचे, गुण्या लावायचा, तो उजेडासमोर धरायचा. फट दिसली की पुन्हा घासायचे. या कंटाळवाण्या कामातून विकण्याजोगे काहीच निघत नाही. नंतर तो लेथवरच्या एखाद्या जुन्या कारागिराशेजारी उभा राहतो. हत्याराची धार गेली हे तो कारागीर नुसत्या आवाजावरून ओळखतो. का ओळखतो, हे त्यालाही शब्दांत सांगता येत नाही, परंतु सहा महिने शेजारी उभा राहिलेल्या मुलाला ते कळू लागते. शिकवताना त्या कारागिराचे स्वतःचे काम मागे पडते. उमेदवारीचा खरा खर्च हा आहे, विद्यावेतनाचा नव्हे; आणि नेमका हाच खर्च कोणत्याही अनुदानाच्या अर्जात दिसत नाही.

अनेक कारखान्यांत आता हा कारागीरच विरळ झाला आहे. निवृत्त झालेल्याच्या जागी कंत्राटी माणूस येतो. ज्याला आपल्याच उद्याची शाश्वती नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार आणि का शिकवावे? मग उमेदवार थेट जुळणीच्या साखळीवर उभा केला जातो आणि एकाच जागचे नट आवळण्यात त्याचे वर्ष सरते. कागदोपत्री प्रशिक्षण पूर्ण होते. पुढच्या वर्षी त्याच जागी नवा मुलगा येतो. सल्लागाराच्या मंजुरीखेरीज उमेदवाराकडून जादा तास काम घेऊ नये, असे कायद्यात स्पष्ट असताना ते किती पाळले जाते, हा वेगळाच विषय.

मालकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आपण शिकवायचे आणि शेजारच्या कारखान्याने दोन हजार रुपये अधिक देऊन माणूस न्यायचा, हा तोटा कोण सोसणार? कोठेही उपयोगी पडणारे कौशल्य मालक स्वखर्चाने शिकवणार नाही, हे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच मांडले होते. म्हणून तर सार्वजनिक पैसा येथे न्याय्य ठरतो. पण तो शिकवण्यासाठी हवा, स्वस्त मनुष्यबळासाठी नव्हे. जर्मनीत उमेदवाराची परीक्षा कारखाना घेत नाही, उद्योगांची मंडळे घेतात, आणि शिकवणाऱ्याची पात्रताही तपासली जाते. आपल्याकडेही अखेरीस परीक्षा असते. शिकवणारा कोण होता, हे मात्र ती विचारत नाही.

नोकरीच्या बाबतीत रेल्वेने निदान एक वाट दाखवली आहे. पहिल्या स्तरावरील सरळ भरतीत २० टक्के जागा तिने उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी ठेवल्या. इतर गुण समान असतील तर प्रशिक्षित उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये सांगितले. शिकवण्याच्या बाबतीत असा आरंभ नागपूरला करता येईल. आयुध निर्माण्यांच्या २०२१ च्या पुनर्रचनेतून निघालेल्या यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय याच शहरात आहे. या सरकारी कंपनीने अलीकडे निवृत्त झालेले टर्नर आणि फिटर मानधनावर परत बोलावावेत, एकेकाकडे पाच-सहा मुले सोपवावीत आणि त्यांच्या मानधनाचा भार केंद्राने विद्यावेतनाप्रमाणेच उचलावा. खर्च किती येतो आणि मुलांच्या हाती काय उतरते, हे एका वर्षाच्या आत अंबाझरीतच पाहता येईल.